दोन शाळा आणि एक न उघडणारं कपाट

त्या शहरात एक कुलूपवाला होता आणि त्याच्याबद्दल लोक वाटेल ते सांगत. म्हणे तो बंद दाराशी नुसता खाकरला तरी आतली कडी दचकून सरकते. म्हणे एकदा बँकेच्या तिजोरीसमोर त्याने जांभई दिली, तर तिजोरीनेही आ वासला आणि तिचं तोंड मिटवता मिटवता मॅनेजरची दुपार गेली. यातलं निम्मं त्याने स्वतःच पसरवलेलं होतं आणि उरलेलं निम्मं त्याच्याकडून ऐकलेल्यांनी. खरं इतकंच, की माणूस कामाचा पक्का होता. कुलपाला हात लावण्याआधी तो भिंग डोळ्याला लावून किल्लीच्या भोकाभोवतीचे ओरखडे वाचायचा. कुलूप उघडणारा डावखुरा की उजवा, घाईतला की निवांत, हक्काचा की चोरटा, सगळं त्याला त्या ओरखड्यांत दिसे. एका घरी तर त्याने सांगून टाकलं होतं, की बिस्किटांचं हे कपाट तुमचे वडील उघडतात, तेही चष्मा न लावता. वडील शेजारीच बसले होते. त्यांनी पेपर एकदम तोंडासमोर धरला.

तर असा हा माणूस त्या मंगळवारी दुकानात एका साध्या कागदापुढे हात टेकून बसला होता. कागद म्हणजे सिस्टरांच्या कॅथलिक शाळेतल्या पहिलीच्या प्रवेशाचा अर्ज. तो आणला होता त्याच्या थोरल्या बहिणीने. ती त्या शाळेची जुनी विद्यार्थिनी, टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेली, आणि अजूनही समोरच्याने तीन मिनिटांत बोलणं आटपावं अशा बेताने ऐकणारी. तिने कागद ठेवला आणि सांगितलं, की एकच जागा उरली आहे, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत अर्ज गेला तर गेला, नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाची. वर हेही ऐकवलं, की माझं अक्षर बघ आणि तुझं बघ, फरक कशाने पडला ते तुझं तूच ओळख.

सरकारी शाळा घरापासून दोन गल्ल्यांवर होती. तिथे अर्ज नव्हता, मुदत नव्हती. मुलीला हाताला धरून नेलं की झालं. कुलूपवाल्याची बायको तिथेच शिकली होती. ती घरी शिवणकाम करायची, म्हणजे नवे कपडे थोडे आणि जुन्यांची डागडुजी फार. तिचं मत पक्कं होतं, की पोरीला सरकारी शाळेत घालायचं. नवऱ्याचं मत होतं, की सिस्टरांच्या. त्याचं कारण तो नीट सांगू शकत नसे. फार ओढून काढलं तर म्हणायचा, तिथे सगळं कसं ठरलेलं असतं, विचारलं की पक्कं उत्तर मिळतं. बायको म्हणायची, तिथे सगळं गप्प असतं, आणि आपल्या घरात गप्प बसण्याचं आजारपण आधीच शिरलं आहे, त्यात आणखी भर कशाला?

आजारपण ते हेच. त्यांची सहा वर्षांची लेक. तिला सगळे ‘चौकशी’ म्हणत. स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीसमोर आपण प्रश्न विचारतो, इथे मामला उलटा होता, खिडकीच प्रश्न विचारायची. सकाळी डोळे उघडायच्या आधी तोंड उघडे. झोपेत डोळे कुठे बघतात? सुईला दोन भोकं का नाहीत? आजचा दिवस संपला की कुठे ठेवतात? आईच्या नाकी नऊ यायचे आणि ती तोंडातल्या टाचण्यांकडे बोट दाखवायची, म्हणजे बोलता येत नाही. बाप मात्र रंगात यायचा. त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असे आणि प्रत्येक उत्तराला हात-पाय, शेपूट, कधीकधी पंखही असत. संपलेले दिवस म्हणे नगरपालिकेच्या गोदामात घडी घालून ठेवतात, आणि तिथल्या कारकुनाला एकदा चुकून जुनाच बुधवार बाहेर दिल्याबद्दल मेमो मिळाला होता.

आणि ही पोर गेले चार महिने गप्प झाली होती. मुकी नव्हे. जेवायला वाढ म्हणे, बूट चावतो म्हणे, बालवाडीतून आली की मी आले म्हणे. पण प्रश्न म्हणून एक नाही. आईबापांनी आधी सुटकेचा श्वास सोडला, मग आठवड्याभराने एकमेकांची तोंडं पाहिली, मग डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले आणि सांगितलं की पोर ठणठणीत आहे. म्हणजे आता सगळी भिस्त शाळेवर. जी शाळा तिचे प्रश्न परत आणेल ती आपली, एवढ्यावर नवरा-बायकोचं एकमत होतं. कोणती शाळा ते आणेल, यावर रोज भांडण होतं.

शेवटी बायकोनेच तोडगा काढला. कापड अंगाला लावून पाहिल्याशिवाय आपण बेतत नाही, मग शाळा का तशीच घ्यायची? दोन्ही शाळा पोरीला घेऊन आतून बघायच्या. जिथे ती पहिला प्रश्न विचारेल तिथे नाव घालायचं.

बुधवारी सिस्टरांच्या शाळेत शिरायला निमित्तही आयतं मिळालं. बहीण म्हणाली होती, की पहिलीच्या वर्गातलं एक कपाट वर्षानुवर्षं बंद आहे आणि सिस्टर कुलूपवाल्याच्या शोधात आहेत. कुलूपवाल्याने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. बायको बॅटरी धरायच्या नावाखाली निघाली. चौकशी मधे, दोघांचे हात धरून.

शाळा शांत होती. म्हणजे मुलं होती, पण जिन्यातून उतरताना त्यांचे बूटच तेवढे बोलत होते. लाल फरशी इतकी घासलेली, की कुलूपवाल्याला त्यात आपलं वाढलेलं पोट दिसलं. भिंतीला दप्तरांच्या खुंट्या, प्रत्येक खुंटीखाली नाव. कोपऱ्यात मरियेची निळी मूर्ती, तिच्या पायाशी फुलदाणी. बायकोचे डोळे मात्र मुलांच्या गणवेशांवर. तिने वाटेत एका मुलीच्या झग्याची उसवून लोंबणारी खालची दुमड बोटाने तपासली आणि नवऱ्याच्या कानात कुजबुजली, की खिसे बघा, सगळ्यांचे खिसे आतून फाटलेत. फाटका खिसा म्हणजे खिशात काहीतरी टोकदार आहे, आणि सहा वर्षांच्या पोराच्या खिशात टोकदार काही आहे म्हणजे त्याच्या डोक्यात काहीतरी चाललं आहे. तिला हे आवडलं, पण तिने ते तिथेच दाबलं. पक्ष सोडायची वेळ अजून आली नव्हती.

पहिलीच्या सिस्टर उंच, सडसडीत, साठीच्या. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे दोरा बांधलेला. मुलं खेळायला गेली होती. आईबापांनी प्रश्नांची जी सरबत्ती सुरू केली ती थांबेना. वर्गात मुलं किती? मार देता का? गृहपाठ किती? प्रार्थना करावीच लागते का? आम्ही चर्चला लग्नापुरते जाणारे, त्यावरून काही बोलणार का? एक थांबला की दुसरी सुरू. सिस्टर एकेकाचं उत्तर देत होत्या. प्रार्थना सकाळी आणि जेवणाआधी, धर्माचा तास आठवड्यातून दोनदा, ज्याला म्हणायची नसेल त्याने तेवढा वेळ गप्प उभं राहायचं. ‘गप्प’ ऐकताच बायकोच्या कपाळाला आठी पडली आणि ती तिथेच राहिली.

मग सिस्टरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाल्या, “प्रवेश नक्की कुणाला हवाय? तुम्हा दोघांचं वय जरा जास्त आहे.”

बायको लाजली. कुलूपवाला हसला आणि कपाटाकडे वळला.

कपाट लाकडी, माणसाच्या उंचीचं, जुनं. कुलूप दारात बसवलेलं, जाड पितळी. त्याने भिंग लावलं आणि तोंडाने हलकी शीळ घातली. ओरखडेच ओरखडे. पण मोठ्या माणसाचा एकही नाही. सगळे खालून वर आलेले, म्हणजे ज्याचा हात आला तो कुलपापेक्षा बुटका होता. पिनेचे, क्लिपेचे, कंपासच्या टोकाचे. हा एका दिवसाचा उद्योग नव्हता, ही वर्षांची मेहनत होती. आजवर त्याने चोरांनी फोडायला घेतलेली कुलपं पाहिली होती, पण इतक्या जणांनी इतक्या चिकाटीने छळलेलं कुलूप त्याच्या पाहण्यात नव्हतं.

आत आहे तरी काय, असं त्याने विचारलं. सिस्टर म्हणाल्या की आधीच्या सिस्टर नऊ वर्षांपूर्वी वारल्या, किल्ली तेव्हापासून सापडली नाही, दार फोडायला मन होत नाही, आणि मुलं दरवर्षी नव्याने प्रयत्न करतात. आत काय आहे हे कुणालाच ठाऊक नाही.

हे ऐकलं मात्र, आणि कुलूपवाल्याची जीभ वळवळायला लागली. एवढं बंद कपाट, नऊ वर्षं, आणि कुणालाच ठाऊक नाही. तो चौकशीपुढे उकिडवा बसला आणि सुरू झाला. आत एक जिना आहे, खाली खाली जाणारा. जिन्याच्या तळाशी सगळ्या हरवलेल्या किल्ल्यांची सभा भरते. या कपाटाची किल्ली तिथली अध्यक्ष, ती भाषण संपवेना म्हणून दार उघडेना. बायको हसली. सिस्टरांच्याही ओठांचा कोपरा हलला. चौकशी ऐकत होती, पण तिने ओठ असे मिटून घेतले होते की जणू कुणी तिच्या तोंडात औषध घालणार आहे.

सिस्टरांचं लक्ष तिच्या ओठांकडे गेलं. 

कुलूप काही त्या दिवशी उघडलं नाही. एवढ्या जाडीची कोरी, बिनदातांची किल्ली पिशवीत नव्हती, ती दुकानात पितळाच्या पट्टीतून कापावी लागणार होती. शुक्रवारी सकाळी येतो म्हणून कुलूपवाल्याने निरोप घेतला. घरी येईपर्यंत दोघंही लेकीच्या तोंडाकडे बघत होते. प्रश्न नाही तो नाहीच.

गुरुवारी सरकारी शाळा. इथे फाटकातच एवढा गलका की चौकशीने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मग, गंमत अशी, एक हात काढला. पहिलीच्या वर्गाला कपाटं होती पण दारं नव्हती. पुठ्ठे, बाटल्या, गोट्या, पिसं, सगळं उघड्यावर. बायकोला आपला जुना बाक सापडला. त्यावर तिने लहानपणी कोरलेलं टोपीवालं मांजर अजून जागेवर होतं, फक्त मधल्या काळात कुणीतरी त्याला मिशा काढल्या होत्या. ती त्या बाकावर बसली ती उठेना.

इथले सर गोल, हसरे, आणि खडूच्या पांढऱ्या ठशांनी भरलेले. एकेचाळीस मुलं, निम्म्यांच्या घरी वेगळी भाषा, आणि सगळी मिळून दोरी धरून वऱ्हांडा मोजत होती. सरांनी चौकशीच्या हातात दोरीचं एक टोक दिलं आणि म्हणाले, पळ, ताण बसेपर्यंत थांबू नकोस. ती पळाली. ताण बसला तेव्हा पलीकडचं टोक धरणारा मुलगा आडवा झाला आणि चौकशी खदखदून हसली. चार महिन्यांत ते हसू कुणी ऐकलं नव्हतं. बायकोने नवऱ्याला कोपर मारलं, म्हणजे पाहिलंत ना.

पण प्रश्न आला नाही. कुलूपवाला कान टवकारून उभा होता. इतर मुलांचे येत होते, भराभर. वऱ्हांडा उन्हात लांब होतो का? खडू का किंचाळतो? आणि सरांकडे प्रत्येकाला उत्तर तयार. मूल बोट वर करायचं, सर त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर द्यायचे, बरोबर, छान, सगळ्यांना कळेल असं, आणि मूल समाधानाने खाली बसायचं. सर माणूस लाखातला, यात वाद नाही. तरी कुलूपवाल्याला उगीचच अस्वस्थ वाटत राहिलं. कुठेतरी पाहिलंय हे, असं त्याला वाटत होतं, पण कुठे ते आठवेना.

संध्याकाळी शिवणाच्या टेबलाभोवती बैठक बसली. बहीणही आली होती. तिने चहाचा कप हातात घेऊनच निकाल दिला, की दोरीने वऱ्हांडा मोजून कुणाचं भलं झालं? बायको म्हणाली, ताई, पोर हसली. बहीण म्हणाली, हसायला सर्कस आहे. बायकोने कात्री टेबलावर ठेवली, जरा मोठ्यानेच. कुलूपवाला पितळाची पट्टी कानशीने घासत होता आणि दोघींच्या मधे पडायची त्याची तयारी नव्हती. बायकोने मग त्यालाच विचारलं, की तुम्ही मूग गिळून का बसलात, तुमचं मत सांगा. तो म्हणाला, मला वाटतं दोन्हीकडे तिने काही विचारलं नाही. हे तर सगळ्यांनाच दिसत होतं. ठरल्याप्रमाणे निकाल लागत नव्हता आणि अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी बारा वाजता संपत होती.

शुक्रवारी साडेदहाला तिघं पुन्हा पहिलीच्या वर्गात होते. अर्ज बायकोच्या पर्समध्ये, न भरलेला. तो नवऱ्याच्या समाधानासाठी घेतलाय, असं तिने निघताना बजावलं होतं. मुलं चित्रकलेच्या तासाला दुसऱ्या खोलीत गेली होती.

कुलूपवाल्याने मेणबत्ती पेटवली. कोरी किल्ली ज्योतीवर धरून काजळीने काळी केली, अलगद कुलपात घातली, जराशी पिळली आणि बाहेर काढली. जिथे काजळी पुसली गेली तिथे कानस मारायची, पुन्हा काळी करायची, पुन्हा घालायची. किल्ली न पाहता किल्ली बनवायची हीच रीत. वेळ लागतो. चौकशी फरशीवर मांडी घालून बसली होती. सिस्टर तिच्या शेजारी एका बुटक्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले.

थोड्या वेळाने सिस्टरांनी तिला विचारलं, “आत काय असेल गं?”

“बाबा सांगेल,” चौकशी म्हणाली.

“बाबाला कुठे माहीत आहे?”

“बाबाला सगळं माहीत असतं.” पोर किल्लीकडे बघत होती. “पण बाहेर गेलं की ते खरं नसतं.”

कानस थांबली. बायकोच्या हातातली बॅटरी खाली झुकली.

सिस्टरांनी घाई केली नाही. नुसत्या थांबल्या. त्यांना थांबता येत होतं. कुलूपवाल्याला त्या जागी तीन गोष्टी सांगून झाल्या असत्या. आणि मग पोरीने सांगितलं, अगदी साध्या आवाजात, बूट चावतो म्हणून सांगावं तसं. बालवाडीत कुलपाचं चित्र रंगवायचं होतं. तिने सगळ्यांना सांगितलं, की कुलपात एक छोटा माणूस बसलेला असतो, तो किल्लीचा वास घेतो, आणि ओळखीचा वास असला तरच दार उघडतो. सगळी मुलं हसली. बाईपण हसल्या आणि दुसऱ्या बाईंना बोलावून पुन्हा सांगायला लावलं. त्यापण हसल्या. एक मुलगा रोज तिचा हात धरून वास घ्यायचा आणि म्हणायचा, ओळखीचा नाही, जा.

“मग विचारायचं कशाला?” ती म्हणाली.

कुलूपवाल्याने कानस फरशीवर ठेवली. त्याला तो दिवस आठवला. दुकान, पाऊण तास गिऱ्हाईक नाही, पोर काउंटरवर पाय हलवत बसलेली. कुलपाला आपली किल्ली कशी कळते, हे तिने विचारलं होतं. जगातल्या सगळ्या प्रश्नांतला हा एकच असा होता, की ज्याचं खरं उत्तर त्याच्याइतकं त्या शहरात कुणाला येत नव्हतं. समोर उघडं कुलूप पडलेलं होतं. दोन मिनिटांत दाखवून झालं असतं. पण छोटा माणूस जास्त रंगत होता, म्हणून त्याने छोटा माणूस दिला. नाकाने हुंगून दाखवला, दोनदा.

त्याने तोंड उघडलं. सवयीने एक गोष्ट जिभेच्या टोकापर्यंत आलीच, की तो मुलगा म्हणजे खरा कोण होता माहितीये का. त्याने ती गिळली. गिळताना त्याच्या गळ्याची घाटी वरखाली झालेली बायकोने पाहिली आणि ती पुढे बरेच दिवस हे वर्णन करून सांगायची.

“चौकशे,” तो म्हणाला, “या कपाटात काय आहे ते मला माहीत नाही.”

पोरीने मान वर केली. हे वाक्य तिने बापाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ती त्याच्याकडे अशी बघत राहिली, जशी लोक पहिल्यांदा हत्तीकडे बघतात.

“खरंच माहीत नाही?”

“नाही.”

“थोडंपण?”

“थोडंपण नाही.”

“मग सिस्टरांना?”

“मलाही नाही,” सिस्टर म्हणाल्या. “नऊ वर्षं झाली. रोज वाटतं, काय असेल.”

चौकशी उठली आणि कपाटाशी गेली. कुलूपवाल्याने किल्ली पुन्हा काळी केली, घातली, काढली. या वेळी त्याने ती तिच्या डोळ्यांसमोर धरली आणि पुसलेल्या जागा दाखवल्या. कुठे घासू, असं त्याने तिला विचारलं. तिने बोट ठेवलं. जागा बरोबर होती. त्यानंतर दोन वेळा तिने सांगितलं आणि तिसऱ्या वेळी किल्ली अडखळत, कुरकुरत, पण पूर्ण फिरली.

दार उघडलं आणि खळखळ असा आवाज करत काहीतरी सिस्टरांच्या बुटांवर सांडलं. वरचे तीन कप्पे रिकामे होते, एका पिवळ्या पडलेल्या हजेरीच्या वहीखेरीज. पण तळाशी ढीग होता. केसांच्या क्लिपा, सेफ्टी पिना, दाभण, कंपासची टोकं, पेनांची टोपणं, एक चमचा, वाकवलेली तार, एका बाहुलीचा पाय. दाराखाली बोटभर फट होती. नऊ वर्षं मुलांनी ज्या ज्या हत्याराने कुलूप उघडायचा प्रयत्न केला होता, ते ते मोडलं किंवा मोठं कुणी आलं की त्या फटीतून आत सरकवून दिलं होतं. बायकोला खिशांचा उलगडा झाला. सिस्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि इतक्या हसल्या की त्यांना त्या बुटक्या खुर्चीतून उठता येईना.

आणि मग सुरू झालं. बाहुलीच्या पायाने कुलूप कसं उघडतात? चमचा कुणाचा? त्याची आई त्याला ओरडली का? आधीच्या सिस्टरांनी वहीच का ठेवली? हे सगळे आता कुठल्या इयत्तेत आहेत? सिस्टर म्हणत होत्या, माहीत नाही. हे शोधता येईल. हे तू चौथीच्या मुलांना विचार. हे मात्र मला माहीत आहे पण तू आधी ओळख. कुलूपवाल्याने चार स्क्रू काढून कुलूपच दारातून सुटं केलं आणि फरशीवर उघडून ठेवलं. त्याने तिला आतल्या पात्या दाखवल्या, प्रत्येकीची उंची वेगळी, आणि किल्लीचा एकेक दात एकेका पातीला नेमका तेवढाच उचलतो. तिने नाक कुलपाशी नेऊन आत बघितलं.

“म्हणजे माणूस नाहीये.”

“नाही. मी बनवला होता.”

ती बराच वेळ पात्या वरखाली करत राहिली. तिला माणूस नसल्याचं फारसं दुःख दिसलं नाही.

सव्वाअकरा झाले होते. बायकोने पर्समधून अर्ज काढला आणि सिस्टरांच्या टेबलावर सपाट केला. कुलूपवाला चपापला. त्याला वाटत होतं की आता सरकारी शाळा ठरली. दोष शाळेचा नव्हताच, बापाचा होता, आणि दोरीवाल्या सरांकडे पोर निदान हसली तरी होती. असं तो म्हणालाही. त्याला पक्की उत्तरं देणारी शाळा हवी होती, आणि इथे तर सिस्टरच माहीत नाही म्हणतात.

“पहिला प्रश्न इथे आला, तो म्हणूनच,” बायको म्हणाली. “सर देवमाणूस आहेत. पण सर आणि तुम्ही एकाच कापडाचे. विचारायच्या आधी उत्तर हजर. घरात एक आहे तेवढा पुरे.”

काल वऱ्हांड्यात काय पाहिल्यासारखं वाटत होतं, ते कुलूपवाल्याला आत्ता कळलं. त्याने तिला पेन दिलं.

तिने एकच गोष्ट आणखी विचारली, कारण ती आठी अजून पुरती गेली नव्हती. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभं राहिलेल्या पोरीने जर विचारलं, की तुम्ही बोलता ते ऐकायला खरंच कुणी आहे का, तर तुम्ही तिला काय सांगाल? सिस्टरांनी चष्म्याचा दोरा घट्ट केला. मग म्हणाल्या, “मी मानते असं सांगेन. मानणं म्हणजे काय, असं ती विचारेलच. मग आमचे दोन-तीन महिने त्यात जातील.”

बायकोने अर्ज भरला. अक्षराकडे बघून कुलूपवाल्याला बहिणीची आठवण झाली, पण त्याने ती बोलून दाखवली नाही. ऑफिसातल्या क्लार्कने अर्जावर शिक्का मारला तेव्हा बारा वाजायला अठरा मिनिटं होती. सरांना मुलगी तिकडे येत नाही हे सांगायचं काम बायकोने स्वतःकडे घेतलं, आणि ते तिला जडच जाणार होतं.

परतताना चौकशी बापाचा हात धरून चालत होती आणि चार महिन्यांचा साठा बाहेर येत होता. खांबावरच्या तारा कुणाचं बोलणं नेतात? माहीत नाही. कुत्र्याला आपलं वय कळतं का? माहीत नाही. रस्ता तयार व्हायच्या आधी इथे काय होतं? माहीत नाही. दोन चौकांत कुलूपवाल्याने जन्मभरात म्हटलं नव्हतं इतक्या वेळा माहीत नाही म्हटलं. त्याच्या कपाळावर घाम आला. बँकेच्या तिजोरीपुढेही त्याला इतका घाम आला नव्हता. मागून येणारी बायको तोंडावर रुमाल धरून हसत होती.

तिसऱ्या चौकात पोर थांबली. गटाराच्या लोखंडी झाकणाकडे बोट करून तिने विचारलं, की खाली जे पाणी जातं त्याला आपण कुठे चाललोय हे माहीत असतं का?

कुलूपवाल्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पाण्याचं एक अख्खं खानदान त्याच्या जिभेवर येऊन उभं होतं, सामानसुमानासकट. तो खाली वाकला.

“खरं सांगू की गोष्ट सांगू?”

चौकशीने नीट विचार केला. सिग्नल बदलला, लोक पलीकडे गेले, पुन्हा लाल झाला.

“आधी खरं,” ती म्हणाली. “मग गोष्ट.”

खरं लवकर संपलं, कारण ते त्याला माहीत नव्हतं. आज संध्याकाळी नगरपालिकेच्या माणसाला विचारू, असं ठरलं. आणि मग गोष्ट सुरू झाली. तिला घरापर्यंतचा रस्ता पुरला नाही, म्हणून तिघांनी गल्लीला आणखी एक फेरी मारली.